वैतरणेच्या तीरावरचा पाहुणा

वैतरणा हें नांव ऐकतांच जुन्या पिढीच्या माणसांस गरुडपुराण आठवतें. यमलोकीं जातांना जी भयंकर नदी ओलांडावी लागते आणि जिच्या पार होण्यासाठीं शास्त्रकारांनीं गोप्रदान सांगितलें, ती वैतरणी. आणि मुंबईहून उत्तरेस निघालें असतां विरारच्या पुढें आगगाडी जिच्यावरून खडखडत जाते, ती ही वैतरणा. दोन्ही नांवांचें साम्य इतकें आहे कीं, आमच्या मातुःश्री या पुलावर आल्या म्हणजे न चुकतां हात जोडीत. प्रत्यक्षांत ही नदी अगदीं सौम्य प्रकृतीची आहे. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत ती जन्मास येते. वाटेंत पिंजाळ, सूर्या, तानसा अशा सख्यांस पोटांत घेते. आणि अर्नाळ्याचा जलदुर्ग डावीकडे ठेवून समुद्रास मिळते. १९५७ सालचें मोडकसागर धरण आणि २०१४ सालचें मध्य वैतरणा धरण हीं तिच्याच पात्रावर उभीं आहेत, आणि मुंबईच्या असंख्य घरांतील हंडे तिच्या पाण्यानें भरतात. मेलेल्यांस अडविणारी नदी ती निराळी. ही जिवंतांस पाजणारी आहे.

तिचें खरें रूप ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं विरारला गाडी बदलून डहाणूकडे जाणारी सकाळची गाडी धरावी. विरारपर्यंतची ती रेटारेटी मागें पडते, आणि थोड्याच वेळांत डोंगर, भातशेतें व तिवरांची झुडपें दिसूं लागतात. वैतरणा स्थानक अगदीं लहान आहे. तेथें उतरणारे थोडे, चढणारे थोडे. ते सोडल्यावर गाडी पुलावर येते. एक पूल संपतो, मध्यें जमिनीचा एक तुकडा लागतो, आणि लगेच दुसरा पूल. या मधल्या तुकड्यावर वाढीव नांवाचें गांव वसलेलें आहे. चहूंकडे खाडीचें पाणी असल्यामुळें होडी नाहीं तर रेल्वेचा पूल, एवढ्या दोनच वाटा तेथील लोकांस वर्षानुवर्षें ठाऊक. मुंबईची गाडी या खाडीवरून १८६४ सालीं प्रथम धांवली; उपनगरी गाडी डहाणूपर्यंत जाऊं लागली ती मात्र २०१३ सालीं. पुढच्याच वर्षीं, १ ऑगस्ट २०१४ रोजीं, ठाण्यापासून निराळा होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

खाडी ओलांडली कीं सफाळें येतें. पूर्वेस तांदुळवाडीचा किल्ला डोक्यावर उभा. पश्चिमेस नारळ, केळी आणि भाजीपाल्याच्या वाड्या. त्याच्या पुढें केळवें-माहीमच्या पानवेली आहेत. ज्ञानेश्वरीचे थोर अभ्यासक आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य सोनोपंत दांडेकर हे याच भागांतले. पालघरच्या महाविद्यालयास त्यांचेंच नांव आहे. अशा या मुलखांत, सफाळ्याच्या पश्चिमेस एका खेड्यांत, आमच्या भगिनीचें सासर आहे. तिच्या सासूबाई, ज्यांस सर्व गांव आजीबाई म्हणतो, त्यांचें वय एकोणऐंशीं. तीन मुलगे, तीन सुना, नातवंडें मिळून पानावर सोळा माणसें बसतात. गेल्या वैशाखांत आमच्या मेहुण्यांचा निरोप आला कीं, घरांत एक नाजूक प्रश्न उपस्थित झाला आहे, तरी उभयतांनीं यावें. भाच्याच्या लग्नाचें कांहीं असावें, असें समजून आम्ही गेलों. पाहतों तों प्रश्न लग्नाचा नसून एका कुत्र्याचा होता.

गोठ्याच्या पडवींत तो बसला होता. अंगानें चांगला थोरला, अल्सेशियन जातीचा, तरी त्यांत चार आणे देशी रक्त असावें. कान उभे, पण एका कानाचें टोक फाटलेलें. गळ्याभोंवतीं केस झडून कातडीचा काळसर पट्टा उमटलेला. आम्ही जवळ गेलों तेव्हां तो भुंकला नाहीं, शेपूटही हलविली नाहीं. नुसता उठून भिंतीच्या बाजूस सरला. भाचा म्हणाला, "मामा, मामी, मत आजच देऊं नका. उद्यां माझ्याबरोबर बोईसरला चला. आधीं जागा पाहा, मग काय सांगायचें तें सांगा." बोलणें योग्य वाटलें, म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें आम्ही निघालों.

बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस तारापूर औद्योगिक वसाहत पसरली आहे. रसायनें, औषधें, रंग, कापड, पोलाद असे लहानमोठे कारखाने तेथें हजाराहून अधिक आहेत. रस्त्यांस नांवें नाहींत, जागांस आंकडे आहेत. आणि वाऱ्याची दिशा बदलली कीं नाकास वासही निराळा येतो. त्याच्या पलीकडे समुद्रकांठ. देशांतील पहिली अणुवीज १९६९ सालीं येथेंच तारापूरास निर्माण झाली, आणि तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेनें पोर्तुगीजांकडून १७३९ सालीं घेतला तोही येथेंच. इतिहास, शास्त्र आणि उद्योग यांचा इतका दाट शेजार महाराष्ट्रांत दुसरीकडे क्वचितच सांपडेल. आमचा भाचा पालघरला रसायनशास्त्र घेऊन एम्. एस्‌सी. च्या दुसऱ्या वर्षांत होता, आणि प्रयोगाच्या कामासाठीं सहा महिने या वसाहतींत येत असे. दोन मित्रांबरोबर बोईसरास एक खोली त्यानें भाड्यानें घेतली होती.

ज्या कारखान्याजवळ त्यानें आम्हांस नेलें त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. फाटकास गंजलेलें कुलूप, त्यावर कोणत्या तरी वसुलीची फाटकी नोटीस, भिंतींतून उगवलेला पिंपळ. फाटकाच्या आंत, पहारेकऱ्याच्या रिकाम्या खोलीशेजारीं, सिमेंटमध्यें रोवलेली एक लोखंडी कडी भाच्यानें दाखविली. पिल्लू असतांना राखणीसाठीं आणलेला हा कुत्रा त्या कडीला चार वर्षें बांधलेला होता. कारखाना बंद पडला तेव्हां यंत्रें विकलीं गेलीं, पहारेकरी दुसऱ्या कामावर गेले, आणि साखळी तेवढी राहिली. शेजारच्या जागेवरचा रखवालदार भिंतीवरून उरलीसुरली भाकरी टाकी; तोच त्यास शेरू म्हणून हांक मारी. आम्ही गेलों तेव्हां तो रखवालदार भेटला. तो म्हणाला, "साहेब, मी सोडलं असतं, पण सोडून ठेवूं कुठं? इथं ट्रक रात्रंदिवस चालतात." त्याच्या बोलण्यांत खोट नव्हती. पाळलेलें जनावर उपाशी टाकून जाणें हा १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे. पण कुलूप लावून गेलेल्या मालकास शोधीत बसण्यास त्या रखवालदाराला सवड कोठून असणार?

भाच्यानें प्रथम आठ दिवस फाटकाबाहेरून पाव टाकला. मग स्थानिक पंचायतीच्या माणसास व रखवालदारास साक्षी ठेवून साखळी तोडली, आणि कुत्र्यास पशुवैद्याकडे नेलें. वजन भरलें एकवीस किलो. त्या हाडापेरास पस्तीस असावें. दांतांवरून वय पांच वर्षांच्या सुमाराचें ठरलें. गोचिडांमुळें येणारा ताप रक्तांत निघाला, आणि त्यावर अठ्ठावीस दिवस गोळ्या द्यावयाच्या होत्या. यापुढचे दोन महिने या मुलानें कसे काढले तें ऐकून आमची सौभाग्यवती तर स्तब्धच झाली. पहांटे पांचास उठून कुत्र्यास फिरवून आणणें, गोळी भातांत दडवून देणें, नऊ वाजतां प्रयोगशाळेंत हजर होणें, दुपारीं एका मित्रानें येऊन पाणी पाहणें, संध्याकाळीं परत फिरविणें, आणि रात्रीं अभ्यासास बसणें. पहिले तीन दिवस कुत्रा कोपरा सोडीना. कुत्रीं सांभाळणाऱ्या अनुभवी लोकांत एक ठोकताळा सांगतात, कीं नव्या घरीं आलेल्या जनावराची भीति कमी होण्यास तीन दिवस, घराची रीत समजण्यास तीन आठवडे, आणि घर आपलें वाटण्यास तीन महिने लागतात. या कुत्र्यास तीन महिने मिळावयाचे नव्हते. घरमालकानें अक्षय्यतृतीयेपर्यंत मुदत दिली. एवढें मोठें जनावर भाड्याच्या खोलींत नको, हें त्याचें म्हणणें. मुदत संपली त्या रात्रीं भाड्याचा टेंपो करून भाच्यानें कुत्र्यास वाडीवर आणलें, आणि सोळा माणसांच्या घरांत सोळा मतें झालीं.

आम्ही बोईसराहून परतलों त्या संध्याकाळीं ओटीवर सर्व मंडळी जमली. थोरल्या भावांचें म्हणणें असें होतें कीं, घरांत लहान मुलें आहेत. साखळीवर वाढलेलें, कोणीं मारलेलें, कोणीं उपाशी ठेवलेलें हें जनावर उद्यां कोणावर उलटेल याचा भरवसा कोणी द्यावा? पिसाळ रोग एकदां अंगांत प्रकट झाला म्हणजे मनुष्य वांचत नाहीं, ही गोष्ट त्यांनीं सांगितली ती अक्षरशः खरी आहे. धाकट्या वहिनींनीं निराळाच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, "भावना चांगलीच आहे. पण भावना पुरुषांची आणि झाडलोट बायकांची, असें होऊं नये." यावर कोणासच उत्तर सुचलें नाहीं. आजीबाई सोंवळें पाळतात. कुत्रा माजघरांत शिरला तर काय, हा प्रश्न कोणी बोलून दाखविला नाहीं, पण सर्वांच्या मनांत तो होताच.

खरी अडचण मात्र आमच्या मेहुण्यांनीं शेवटीं सांगितली, आणि त्यासाठींच आम्हांस बोलावलें होतें. मुलानें संशोधनवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा दिली होती व तींत तो उत्तीर्ण झाला होता. पुण्याच्या एका संशोधनसंस्थेंत पीएच्. डी. साठीं त्यास जागा मिळाली होती. महिना ३७,००० रुपये विद्यावेतन, आणि आषाढांत रुजू व्हावयाचें. तेथील वसतिगृहांत कुत्रा चालत नाहीं. म्हणून तो म्हणत होता कीं, पुण्यास जात नाहीं. बोईसरलाच एखाद्या कारखान्यांत नोकरी धरतों आणि कुत्र्यास संभाळतों. बाप गहिंवरून म्हणाला, "आमच्या घरांत एवढें शिकणारा हा पहिला. कुत्र्यापायीं त्यानें शिक्षण सोडावें, हें माझ्यानें पाहवत नाहीं. आणि कुत्र्यास पुन्हां रस्त्यावर नेऊन सोड, असेंही माझ्यानें म्हणवत नाहीं."

आमचें मत विचारलें गेलें तेव्हां आम्हीं एक साधा हिशेब मांडला. कुत्रा पांच वर्षांचा आहे. मोठ्या जातीचीं कुत्रीं लहान जातींपेक्षां कमी जगतात. या अंगलोटाचें जनावर दहा-बारा वर्षांपलीकडे सहसा जात नाहीं. पीएच्. डी. स पांच वर्षें तरी लागणार. म्हणजे हा मुलगा डॉक्टर होऊन घरीं येईल, तेव्हां कुत्रा म्हातारा झालेला असेल किंवा नसेलही. ज्या वर्षांत मुलास घराबाहेर राहावयाचें, तींच या जनावराचीं उरलेलीं सारीं वर्षें. तेव्हां 'आतां कोणाकडे तरी ठेवूं, पुढें पाहूं' या बोलण्यास येथें अर्थ नाहीं. पुढें असें कांहीं उरतच नाहीं. जो निर्णय व्हावयाचा तो कुत्र्याच्या सगळ्या आयुष्याचा, आणि तो आजच. हें ऐकून मंडळी गप्प झाली. भाचा खालीं मान घालून बसला.

तेव्हां इतका वेळ वाती वळीत बसलेल्या आजीबाई बोलल्या. "अरे, महाभारत कोठें सुरू होतें तें आठवा. जनमेजयाच्या यज्ञांत त्याच्या भावांनीं सरमेच्या पोराला उगाच मारलें, तेथें. आणि संपतें कोठें? हिमालयाच्या वाटेवर. भाऊ गेले, द्रौपदी गेली, आणि धर्मराजाच्या मागून कोण चाललें होतें? आरंभाला मारलेलें कुत्रें आणि शेवटाला न सोडलेलें कुत्रें. इंद्रानें सांगितलेंच होतें, कुत्र्यासकट स्वर्गांत येतां येणार नाहीं म्हणून. म्हणजे सोंवळें-ओंवळें इंद्रालाही होतें हो!" सर्वांस हंसूं आलें. आजीबाई मात्र हंसल्या नाहींत. नातवाकडे पाहून त्या म्हणाल्या, "पण तूं अर्धीच गोष्ट घेतलीस. धर्मराजानें कुत्रें सोडलें नाहीं हें खरें. पण त्यानें वाट चालणेंही सोडलें नाहीं. कुत्र्यासाठीं तो वाटेंत घर बांधून बसला नाहीं. तुला दोन्ही करायचें आहे. तुझ्या एकट्याच्यानें तें होणार नाहीं, म्हणून तर घर असतें. वही आण."

वाडीच्या जमाखर्चाच्या वहींत त्या रात्रीं पांच कलमें लिहिलीं गेलीं. तीं येथें देतों, कारण आमच्या मतें पुष्कळ घरांस तीं उपयोगीं पडतील. पहिलें, मुलानें आषाढांत पुण्यास रुजू व्हावें. दुसरें, विद्यावेतनांतून दरमहा ५,००० रुपये प्रथम कुत्र्याच्या नांवें वाडीवर यावेत, मग स्वतःचा खर्च; आणि विद्यावेतन दर महिन्यास वेळेवर येईलच असें नसल्यामुळें तीन महिन्यांची रक्कम आगाऊ बाजूस ठेवावी. तिसरें, महिन्यांतून एकदां त्यानें स्वतः येऊन अंघोळ, गोचीड, नखें व औषधें पाहावीं. रोजची झाडलोट घरांतल्या पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं पाळीनें करावी. हें कलम लिहितांना धाकट्या वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. चौथें, कुत्र्याची जागा गोठ्याची पडवी. दिवसा मोकळा, रात्रीं गोठ्याच्या आंत दार लावून. साखळी कदापि नाहीं. आणि पांचवें, मुलगा दूर असतां आणि आजीबाई नसतां कुत्र्याची जबाबदारी कोणाची, त्या व्यक्तीचें नांव व सही. सात वर्षांची नात पुढें सरसावली. परंतु अज्ञानाची सही चालत नाहीं, म्हणून आजीबाईंनीं तिला मागें सारलें. क्षणभर कोणीच हललें नाहीं. मग धाकट्या वहिनींनीं वही ओढून घेतली आणि स्वतःचें नांव घातलें.

यानंतर आमचें जाणें झालें तें आश्विनांत. भात पिवळें पडलें होतें, खाडीवर बगळे उतरले होते, आणि कुत्र्याचें वजन तेहतीस किलो झालें होतें. पावसाळा त्यास व घरास दोघांसही नवा धडा देऊन गेला. या भागांत भातखाचरांतून उंदीर फार; त्यांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा ताप कुत्र्यांस होतो व माणसांसही होतो. त्यावरील लस दरवर्षीं टोंचावी लागते, पिसाळ रोगावरचीही तशीच; दोन्ही तारखा स्वयंपाकघराच्या दिनदर्शिकेवर एकादशीच्या शेजारींच लिहिलेल्या आम्हीं पाहिल्या. रात्रीं दार लावण्याचें कलमही शहाणपणाचें ठरलें. खाडीच्या दक्षिणेस तुंगारेश्वराचें अभयारण्य आहे, या बाजूसही डोंगर जवळ आहेत, आणि बिबट्यास कुत्र्याइतकी सोपी शिकार दुसरी नाहीं. अंगणांत बांधलेला कुत्रा, मग तो कितीही थोरला असो, म्हणजे बिबट्यास वाढून ठेवलेलें ताटच.

खाण्याच्या बाबतींत आजीबाईंस एका गोष्टीचा फार संतोष झाला आहे. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तास अपायकारक असतात, असें पशुवैद्यानें सांगितल्यापासून, "हा बारा महिने चातुर्मास पाळतो," असें त्या आल्यागेल्यास सांगतात. उलट सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा मात्र त्यास वर्ज्य, कारण मनुका-बेदाण्यांनीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बिघडतात. चॉकोलेटही तसेंच विषारी. हें पुष्कळ घरांत ठाऊक नसतें, आणि लाडानें दिलेला घांस जीवावर बेततो. भात, डाळ, दहीं, भोंपळा हें त्यास मानवतें. परंतु खंगलेलें अंग भरून येण्यास वैद्यानें अंडीं सांगितलीं. घरांत अंडें येत नाहीं. यावर तोड अशी निघाली कीं, गोठ्यामागें तीन दगडांची एक चूल मांडली, आणि तेथें थोरला नातू अंडीं उकडतो. भांडें निराळें, हात धुण्याची जागा निराळी. सोंवळ्यास बाध नाहीं आणि कुत्र्याच्या पोटासही नाहीं. तसें पाहिलें तर वैश्वदेवानंतर कुत्र्यासाठीं अन्नाचा भाग काढून ठेवण्याची रीत आमच्या पूर्वजांनींच घालून दिली आहे. आपण ती विसरलों, एवढेंच.

सुरुवातीस आजीबाई त्यास नांवानें हांक मारीत नसत, 'पाहुणा' म्हणत. पाहुण्यानें जेवलें का, पाहुणा कोठें बसला आहे, असें चाले. श्रावणांत एके दिवशीं त्या विहिरीजवळ घसरून पडल्या. घरांत त्या वेळीं कोणी नव्हतें. कुत्रा, जो आल्या दिवसापासून कधीं मोठ्यानें भुंकला नव्हता, तो शेतांत जाऊन असा कांहीं भुंकूं लागला कीं, लावणी सोडून माणसें धांवत आलीं. पाय मुरगळण्यावर निभावलें. या प्रसंगाचें फार कौतुक करूं नये, असें आजीबाईंचेंच सांगणें आहे. त्या म्हणतात, तो भुंकला नसता तरी त्याचें जेवण चुकलें नसतें. पण तेव्हांपासून त्या त्यास शेरू म्हणतात.

या प्रकरणांतून वाचकांनीं काय घ्यावें? शहरांतून शिकणाऱ्या मुलामुलींत हल्लीं रस्त्यावरचें जनावर घरीं आणण्याची ओढ दिसते, आणि ती ओढ चांगलीच आहे. मुंबईंत प्राणिरक्षणाची संस्था १८७४ सालीं निघाली, पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं; परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ आजही हजारों मुक्या जीवांस आधार देत आहे. तरी रस्त्यावरील कुत्र्यांचा प्रश्न २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन गाजला, आणि त्यावरून घराघरांत दोन तट पडले. त्या रस्त्यांवर महागामोलाचीं विलायती कुत्रींही सोडून दिलेलीं आढळतात. बर्फाळ मुलखासाठीं जन्मलेले दाट केसांचे कुत्रे हौसेनें आणावयाचे, कोंकणच्या उन्हाळ्यांत ते धापा टाकूं लागले कीं कंटाळावयाचें, आणि बदलीचें किंवा परीक्षेचें निमित्त होतांच दारें बंद करावयाचीं, असा हा क्रम आहे. यांत दुष्ट माणसें थोडीं. हिशेब न केलेलीं माणसेंच फार.

म्हणून विद्यार्थिदशेंत मोठें जनावर घेणाऱ्यानें स्वतःस चार प्रश्न विचारावेत. माझें शिक्षण किती वर्षें आणि या जनावराचें आयुष्य किती वर्षें? मी आजारी पडलों किंवा परगांवीं गेलों तर दार कोण उघडील, आणि त्या व्यक्तीनें तें स्वतः कबूल केलें आहे काय? लस, नसबंदी, औषध यांचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेस बाजूस निघतील काय? आणि चावा झाला तर काय करावयाचें, हें घरांतील लहानांसही ठाऊक आहे काय? या शेवटच्याचें उत्तर येथेंच देतों: जखम तत्काळ वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद-चुना कांहीं लावूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी, कुत्रा ओळखीचा आहे म्हणून थांबूं नये. या चार प्रश्नांस एकट्यानें उत्तर देतां येत नसेल, तर घरच्या मंडळींस विचारावें. एकत्र कुटुंबांत भांड्यास भांडें लागतें हें आम्ही जाणतों. पण एकाची दया बाराजणांच्या सोयीनें टिकविण्याची शक्ति अजूनही त्याच घरांत आहे. मात्र ती दया बायकांच्या माथीं परस्पर मारूं नये, एवढें पथ्य पाळलें पाहिजे.

भाच्याचें पुण्यांतलें काम ठीक चाललें आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारीं तो दोन गाड्या बदलून विरारास येतो, तेथून डहाणूची गाडी धरतो, आणि काळोख पडतांना सफाळ्यास उतरतो. वहींत त्याच्या नांवें आतांपर्यंत एकही बाकी नाहीं. आमच्या मागच्या भेटींत धाकट्या वहिनींनीं आम्हांस ती वही दाखविली. कुत्र्याच्या पानावर खर्चाच्या रकान्यांत 'कंगवा' असा एक शब्द होता, आणि रक्कम त्यांनीं स्वतःच्या नांवावर घातली होती. आम्हीं कारण विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "मानेवर केस येऊं लागले आहेत ना त्याच्या."